चामखीळ काढताना डोळ्याला झालेल्या इजेबाबत

मी, खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार लाँड्रीच्या वरची खोली, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी धाकट्या बहिणीसोबत राहते. घरात तिला चिमी म्हणतात. वय २९. आईवडील नाहीत. तिच्या शाळेच्या कागदांवर पालक म्हणून माझी सही आहे. चेहऱ्यावरचे डाग आणि चामखिळी गोठवून काढतात अशा दवाखान्यात ती दोन वर्षे मदतनीस आहे.

तिथल्या मॅडमनी तिला सांगितले होते, की स्वतःच्या हाताने हे काम जमले तरच कायम करू. शिकवायला मात्र कोणाला सवड नव्हती. चिमी घरी संत्र्याच्या सालीवर सराव करायची. मीच म्हटले, "संत्र्याला काय कळतंय? माझ्यावर कर." मनगटावरची चामखीळ पंधरवड्यात खपली धरून पडली. खूणही राहिली नाही.

दुसरी चामखीळ डाव्या डोळ्याखाली होती. चिमी म्हणाली, "ताई, तिथे नको गं. डोळा अगदी जवळ आहे." मी म्हणाले, "इतकी वर्षं आरशात तीच बघतेय, कंटाळा आला." गोठवण्याचे औषध थर्मासमधून आणायला मीच सांगितले. ते चोरलेले नाही. दिवसअखेर उरलेले तसेही उडून जाते.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास मी खिडकीपाशी खुर्चीत बसले. चिमीने कापसाची काडी थर्मासमध्ये बुडवली. काडी पुढे आणून तिने दोनदा मागे घेतली. मी म्हणाले, "तू नुसती काडी धर, आकडे मी मोजते." सातपर्यंत मोजले तेव्हा काडीवरचा थेंब ओघळून डोळ्यात गेला. मान मी हलवली होती. साहेबांनी विचारले, की मान थेंब पडण्याआधी हलवली की नंतर. आधी, असे लिहावे.

चिमीने डोळ्यावर पाणी ओतले व गाडी करून मला इस्पितळात नेले. हे कोणी केले, असे डॉक्टरांनी विचारताच ती "मी" म्हणाली. मी तोंड उघडेपर्यंत मला आत नेले. बाहेर आले तेव्हा ती बाकावर नव्हती. आज पाचवा दिवस. फोन वाजतो, ती उचलत नाही.

डाव्या डोळ्याला उजेड कळतो, समोर धरलेली बोटे कळत नाहीत. सुईत दोरा शेजारीण ओवून देते. काम चालू आहे.

इस्पितळाने कळवल्यामुळे मला इथे बोलावले. बहिणीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. दवाखान्याविरुद्धही नाही. तिला तिथेच नोकरी करायची आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच उतरवला आहे व तो खरा आहे. बहीण इथे आली, तर आधी तिला हा वाचून दाखवावा आणि मग तिचा जबाब घ्यावा, एवढी विनंती आहे.