साहेबांच्या फोटोपुढे उदबत्ती नाही

मंडळी, आणि समोर बसलेल्या वहिनी,

बोलायला उभा राहिलो खरा, पण बोलायची सवय नाही. पंधरा वर्षं मी जोर्वेकर साहेबांच्या हाताखाली शेतकी केंद्रात काम केलं. बोलणारे ते, ऐकणारा मी. आज उलटं झालं.

साहेबांचं काम तुम्ही पाहिलंय. वांग्याच्या पानाचा रस शोषणारा लाल कोळी, आणि त्याला खाणारा शिकारी कोळी. दोघेही मोहरीच्या दाण्याहून बारीक. साहेब काचेच्या दुफाटी नळीत शिकारी सोडायचे. एका फाट्याला लाल कोळ्यांचं पान, दुसऱ्याला कोरं. शिकारी वासावर नेमका लाल कोळ्यांकडे जायचा. पण त्या पानावर आधीच दुसरे शिकारी असले, की मागे फिरायचा.

श्रीगोंद्याचे एक बागायतदार हसले होते. "सायेब, किड्याला नाक हाय व्हय?"

साहेब त्यांच्याच बोलीत म्हणाले, "नाक न्हाई, पाटील. फुडच्या पायांनी वास घेतंय. अन् पंगतीत गर्दी हाय म्हणून कळलं, की तुमच्यावानी घुसत न्हाई!"

मग एका उन्हाळ्यात सगळं बिघडलं. शिकारी वाटेल तिकडे जाऊ लागले. साहेब नळ्या धुवायचे, पुन्हा धुवायचे. म्हणायचे, "बाबूराव, माझंच काहीतरी चुकतंय." महिना गेला. शेवटी वहीत त्यांनी लिहिलं, 'माझी चूक'. आणि ते काम सोडून दिलं.

मंडळी, चूक त्यांची नव्हती.

तो अधिक महिना होता. रोज सकाळी, साहेब यायच्या आधी, मी त्या खोलीत उदबत्ती लावत होतो. कशासाठी? त्यांच्या कामाला यश यावं म्हणून. साहेबांना तपकिरीपायी वास येत नसे. महिना सरला, उदबत्ती थांबली, आणि एकदा मीच नळी लावून पाहिली. शिकारी सरळ लाल कोळ्यांकडे गेला.

सांगायला त्यांच्या दारापर्यंत गेलो. किती वेळा गेलो! दर वेळी तसाच मागे फिरलो. आता दार आहे, साहेब नाहीत.

वहिनी, ती वही तुमच्याकडे आहे. त्या दोन शब्दांखाली माझं नाव घाला.

सकाळपासून लोक विचारताहेत, फोटोपुढे उदबत्ती का नाही? मीच लावू दिली नाही.

आता आपण उभे राहू. थोडा वेळ कुणी बोलू नका. देवाचं नाव मनातच घ्या.