उतरणीचे आकडे

हॅलो? हॅलो, पुणे?… हो, हो, श्रीरामपूर पोस्टातूनच… सरोजिनीबाईंना बोलवा म्हटलं होतं, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या… आल्या? द्या, द्या.

सरू? अगं मी नीलू… नीलांबरी!… नाही गं, सगळे बरे आहेत. ट्रंक कॉल काय कुणी गेलं म्हणूनच करतात का?… ते बाळ रडतंय? दात येताहेत? बरं, बरं… अगं ऐक ना, शामकांतराव घरात आहेत का?

… प्रयोगशाळेची किल्ली द्यायला गेलेत? म्हणजे सोडलंच त्यांनी? अगं, उद्या अकराला त्यांच्या संशोधनावर सरांची बैठक आहे, तोवर तरी…

… हो, कळलं मला. सरांचंच पत्र आलं काल. 'शामकांतच्या हाताला शिस्त नाही, त्याचं संशोधन थांबवावं लागणार. तुझे आकडे बघ किती स्वच्छ.' स्वच्छ!

… नाही, तुझं सांत्वन करायला नाही केला फोन. ऐक तर. त्यांचे आकडे बरोबर आहेत. माझे खोटे आहेत.

… खोटे!… ऐकू येत नाही? खोटे आकडे! मी खोटं लिहिलंय!

… अहो नाही काका, तुमच्या मनिऑर्डरचं नाही बोलत मी. तुमचा फॉर्म बरोबर आहे. बसा तुम्ही.

हं, सरू. आता अख्ख्या पोस्टाला कळलं, तुलाच कळायचं राहिलंय.

ते मीठ माहितीये ना तुला… हो, हो, तेच, ज्याच्यापायी शामकांतरावांचं ताट रोज झाकून ठेवतेस. तापवून नुसतं पातळ केलेलं मीठ, पाण्याचा टिपूस नाही त्यात. त्यात धातूचे दोन पत्रे बुडवायचे, बॅटरी जोडायची आणि विजेचा दाब पायरी पायरीनं चढवत न्यायचा. दर पायरीला वीज किती वाहते ते लिहायचं. मग तसंच पायरी पायरीनं खाली यायचं. आणि दर पायरीवर वीस मिनिटं हात बांधून बसायचं, आकडा स्थिर होईपर्यंत… हो, वीस.

मी चढणीचे घेतले. नीट घेतले, देवाशपथ. उतरणीचे घेतलेच नाहीत… मग वहीत कुठून आले म्हणजे? चढणीचेच उतरवून काढले. खालून वर.

… अगं, वाटलं काय फरक पडणार? श्रीरामपूर-नगर एसटीला जाताना जेवढं तिकीट तेवढंच येताना. तसंच असेल म्हटलं… नाही ना तसं! शामकांतरावांनी वीस-वीस मिनिटं बसून पाहिलं, तर उतरताना आकडे वेगळेच. आधीचा दाब त्या मिठाला लगेच विसरताच येत नाही. तेच तर सापडलंय त्यांना! आणि सर म्हणतात, नीलांबरीची चढण-उतरण एकच येते, तुझीच कशी दोन? तुझ्या मिठात ओल शिरली असणार.

… का केलं? सोड ना… नाही, सोड… बरं, सांगते. तुझं डोहाळजेवण होतं म्हणून. चैत्रातलं, कर्जतचं. बाराची नगरची गाडी चुकली असती तर पुढे कर्जतला पोचलेच नसते मी.

… नाही गं, तुझ्यावर नाही ढकलत! तू थोडीच म्हणाली होतीस तसं कर म्हणून? मीच. तुझ्याशेजारी बसून गाणी म्हटली, पेढा की बर्फी म्हणून वाट्या झाकल्या, आणि इकडे वहीत तुझ्याच नवऱ्याच्या मानेवर सुरी ठेवून आले होते. तेव्हा माहीत नव्हतं, पण म्हणून काय झालं?

… हो, एक्स्चेंज, वाढवा! अजून तीन मिनिटं वाढवा!… सरू, आहेस ना?

… नंतर तरी सांगायचं होतं, बरोबर आहे तुझं. सरांनी पाठ थोपटली तेव्हाच सांगायचं होतं. मग पेपर छापायला गेला. मग इथल्या कॉलेजातली माझी नोकरी कायम व्हायची होती. दर वेळी म्हटलं, एवढं होऊ दे… लाज वाटते गं मला. दिवाळीत शामकांतराव इथे आले, वही बघायला मागितली, मी दिली. चहा दिला, चकल्या दिल्या. तोंडातून एक खरा शब्द काही निघाला नाही.

… काय?

… त्यांना माहीत होतं?

… दिवाळीपासून? वही बघून? कसं शक्य आहे?…

… दीड व्होल्ट?… हो, चढताना दीड व्होल्टवर होते तेव्हा विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या. नऊला शेतीची वीज आली की सगळे एकदमच सुरू करतात. दिवे मिणमिणतात, आमची भट्टी थंडावते. तेवढाच एक आकडा खाली पडला होता. मी समासात लिहिलंसुद्धा होतं, 'मोटारी'…

… उतरतानाही दीड व्होल्टलाच पडलाय?

… अगं बाई. तोही उतरवला मी.

… हो ना. बरोबर त्याच पायरीवर साऱ्या शिवारातल्या मोटारी पुन्हा कशा सुरू होतील! सरांना दिसलं नाही, मला दिसलं नाही. त्यांनाच दिसलं.

मग बोलले का नाहीत? सरांना एक ओळ लिहिली असती तर… माझी नोकरी? माझी नोकरी जाईल म्हणून?… काय म्हणाले? नीट सांग… 'तिचं तिला सांगू दे, वेळ लागतो'?… तीन महिने, सरू? तीन महिने सरांची बोलणी खात बसले? आणि तुलाही ठाऊक होतं? अगं, संक्रांतीला तिळगूळ पाठवलास की गं मला!

… नको. 'असू दे' म्हणू नकोस. त्यापेक्षा दोन शिव्या दे, मी ऐकते… सरू, रडू नकोस ना… हे बघ, शामकांतराव आले की सांग, उद्याच्या बैठकीआधी… सरू? हॅलो? हॅलो?…

एक्स्चेंज, कट झाला हो… नाही, तो नको पुन्हा. पुण्याचाच दुसरा नंबर आहे, आमच्या सरांच्या घरचा. लिहून घ्या, देते… किती वेळ?… दोन तास?

… नाही, घरी नाही जाणार. सकाळीही नको, आजच लावा.

काका, जरा सरकता का? बसायचंय मला… हो, एक्स्चेंज, ऐकतेय… लागू दे किती लागायचे ते. थांबते मी.