अर्धांगीचा उपास

...आणि वर सासूबाई मलाच विचारतात, सूनबाई, तुझं तोंड का उतरलंय? आता तुम्हीच सांगा, पैसे काढले कुणी, तर आमच्या स्वारीनं. ते घेऊन गेलं कोण, तर आमचीच स्वारी, आणि गेली ती काही जवळ वाई-साताऱ्याला नव्हे, थेट तंजावरला, जिथून पत्र यायला दोन महिने लागतात आणि माणूस यायला... माणसाचं तर अजून नावच नाही. आणि उपास कुणी करायचा, तर मी. का, तर मी अर्धांगी. लग्नात सात पावलं चालवली मला, प्रत्येक पावलाला काही ना काही कबूल करून घेतलं, त्यात कर्जाचं एखादं पाऊल होतं का हो? होमाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, राहिलं असेल ऐकायचं. पण मी नवी, मी काय बोलणार.

जरा हळूच सांगते हं, श्रीनिवासभट बाहेर ओट्यावरच आहेत, आणि कान तिखट आहेत त्यांचे. तुम्ही कसब्यातल्या, तुम्हाला ते माहीत आहेत, पण पलीकडच्या पेठेतून ज्या आल्यात त्यांच्यासाठी सांगते. एकटा जीव. बायको जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरी चूल नाही, जेवण यजमानांकडे. बुंदीचे लाडू मोजायचे नसतात असं मानणारा माणूस. दर श्रावणात पर्वतीच्या रमण्यावर पेशव्यांकडून ब्राह्मणांना दक्षिणा मिळते ती खायची नाही, प्यायची नाही, मडक्यात टाकायची. अशा सात श्रावणांचे मिळून साठ रुपये झाले होते आणि म्हातारपणी काशीला जाऊन राहायचं होतं त्यांना. ते साठ रुपये आमच्या स्वारीनं नेले. तंजावरच्या दरबारात कारकुनी मिळवायची तर अंगावर शाल हवी, डोक्याला बरं पागोटं हवं आणि बुडाखाली तट्टू हवं. श्रावणात परत करतो म्हणाले. भटजी म्हणाले, व्याज नको, वेळेवर द्या म्हणजे झालं. मग भटजींच्या पैशांच्या तट्टावर बसून, भटजींच्या पैशांची शाल पांघरून, स्वारी भटजींच्या दारावरून गेली, आणि भटजींनी बाहेर येऊन हात वर करून आशीर्वाद दिला. मी खिडकीतून बघितलं ना.

लग्न होऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते. त्यातले नऊ मी माहेरी. चेहरा विसरू नये म्हणून मी रोज एकदा आठवून बघते. पागोटं स्पष्ट आठवतं, त्याच्या खालचं जरा पुसट होत चाललंय.

श्रावण गेला. भादवा गेला. दसऱ्याला पत्र आलं, त्यात पैशांचं एक अक्षर नाही, पण शेवटी एक ओळ होती, की कार्तिकात रामेश्वरला जाणारा मेळा तंजावरावरून जातो, त्याबरोबर सौभाग्यवतीस पाठवून द्यावी. तुम्हाला खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. नऊ दिवसांत मी असं काय केलं होतं कुणास ठाऊक, दोनदा ताक वाढलं आणि एकदा चुकून अंगावर सांडलं, पण आठवण राहिली म्हणायची. आमचे मामा त्याच मेळ्यातून निघाले होते, त्यांची सोबत ठरली. मी लुगडी घडी करून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घालायला दार उघडते तो ओट्यावर श्रीनिवासभट. खाली दर्भासन, पुढे तांब्या, पाय उंबऱ्याशी टेकलेले.

"आनंदीबाई," सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "मी धरणं धरलं आहे. माझे साठ रुपये मिळेपर्यंत अन्न घेणार नाही. मेलो तर तुमच्या दारात मरेन. पाप कुणाला लागेल ते तुम्ही जाणता. उन्हं इकडे केव्हा येतात?"

धरण्याची रीत तुम्हाला माहीत आहे. दारात ब्राह्मण उपाशी, तर घरात घास नाही. त्याला ओलांडून बाहेर पाऊल नाही. मामा आले, लांबूनच त्यांनी ओटा बघितला, आणि मला म्हणाले, "पोरी, मी पुढे गेलो तर हे मला जामीन धरतील," आणि जे गेले ते बहुतेक आत्ता जेजुरीच्या पुढे पोचून मेळ्याची वाट बघत असतील. सोबत गेली. मेळा निघायला बारा दिवस. चुकला तर पुढचा एकदम वर्षानं.

सासूबाई म्हणाल्या, "पण धरणं कुणावर? कर्जदारावर. मी काय कर्जदार आहे? दिगंबर कर्जदार." मग शास्त्र विचारायला मथुराबाईंना बोलावलं... मथुराबाई, तुम्ही इथं बसला आहात म्हणून बोलत नाही मी, पण तुम्ही कसब्याच्या गणपतीसमोर पुराण ऐकता, तुमचा शब्द म्हणजे शब्द. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "कर्जदार परमुलखात असेल तर त्याचं अर्धं अंग इथं आहेच की. प्रश्न एवढाच, की पोट त्या अर्ध्यात येतं का?"

सासूबाई म्हणाल्या, "येतं."

झालं. मी नवी, मी काय बोलणार.

तर पहिल्या दिवशी बाहेर भटजी उपाशी, आत मी उपाशी, आणि सासूबाई मागल्या दारानं देवदर्शनाला जाऊन आल्या. येताना ओठाला हळद लागली होती. कुठल्या देवाकडे वरण-भाताचा प्रसाद असतो ते मला माहीत आहे, आणि मथुराबाईंनाही माहीत आहे, राहू दे. दुसऱ्या दिवशी भटजींच्या पोटाचा आवाज आतपर्यंत येऊ लागला. आधी मला वाटलं शेजारी तांबटांनी काम सुरू केलं. दुपारी दाराच्या फटीतून हळूच विचारतात, "सूनबाई, आमटीला फोडणी कुणाकडे बसली?"

म्हटलं, "मथुराबाईंकडे."

"हिंग जास्त झाला."

मग म्हणतात, "ऐक पोरी. मी जेवलो तर धरणं मोडलं. तू जेवलीस तरी धरणं मोडलं. पण दोघं एकाच वेळी जेवलो, एकाच घासाला, तर कुणाचं मोडलं?"

आता याचं उत्तर मी मथुराबाईंना विचारायला जाणार होते का? सासूबाई देवदर्शनाला गेल्या की परतायला दोन घटका, वर मथुराबाईंकडची वामकुक्षी. चूल पेटवली. धुराचं भय नाही, आळीत एवढ्या भट्ट्या, कोणता धूर कुणाचा हे कोण ओळखतंय. उंबऱ्याच्या आत मी, बाहेर ते, मधे दोरीवर लुगडं आडवं. आणि नियम असा, की ते "गोविंद" म्हणणार आणि त्यावर दोघांनी घास घ्यायचा. मला वाटलं, चार पोळ्या खाईन, पाणी पिईन, सुटेन. चार झाल्या. गोविंद. पाच झाल्या. गोविंद. सातवीला मी म्हटलं, भटजी, माझं झालं. लुगड्याच्या पलीकडून आवाज, "असं कसं झालं? मी एक घास जरी एकट्यानं खाल्ला तरी मी हरलो. माझ्या सात श्रावणांचा प्रश्न आहे, सूनबाई. गोविंद."

तुम्हाला सांगते, दोन दिवस भुकेनं रडले नव्हते, पण अकराव्या पोळीला डोळ्यांत पाणी आलं.

असं रोज. सहा दिवस. सकाळी जात्यावर बसायचं, दुपारी उपास सोडायचा, संध्याकाळी पोट धरून पडायचं, आणि सासूबाई आळीभर सांगत होत्या, "सून माझी फार कडक, बघा कशी उपासानं लोळतेय." भटजींचं तर कौतुकच. एकदा लवकर परतल्या तेव्हा मागल्या अंगणात त्यांना ऐकू आलं, गोविंद... गोविंद... हात जोडून तिथंच उभ्या राहिल्या. "पोटात कण नाही आणि नामस्मरण बघ केवढ्या जोरात चाललंय," म्हणाल्या. मी तोंडात घास धरून मान हलवली. इतक्यात बाहेरून ढेकर आली. आता ढेकर म्हणजे, काय सांगू, ती भरल्या पोटाशिवाय तशी येतच नाही. सासूबाईंनी हात सोडले. पिठाच्या डब्याकडे गेल्या. झाकण काढलं. बराच वेळ आत बघत राहिल्या.

मी म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. मेळा तर गेलाच, आता हे घरही जातं. पण तुम्हाला सासूबाई माहीत आहेत, ओरडणं हा त्यांचा स्वभावच नाही. त्यांनी लुगडं बाजूला सारलं आणि भटजींकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत. बाजारात गाय बघतात तसं. म्हातारा माणूस. धडधाकट. वागण्याला निर्मळ. साठ रुपयांसाठी आठवडाभर उंबरा न सोडणारा.

"भटजी," म्हणाल्या, "इथं बसून तुम्हाला काय मिळणार?"

"पैसे."

"माझ्याकडे असते तर मी दिले नसते का?" भटजींनी तांब्याकडे बघितलं, मी पोळीकडे. "दिगंबर तंजावरला. पगारही तिथंच. मग धरणं इथं कशाला? तिथं जाऊन धरा. हिला पोचवायची आहेच. धनको आपल्या तारणाला जेवढं जपतो तेवढं मामा जपत नाही."

बघा हं. मी तारण.

भटजींनी बोटांवर हिशेब केला. "वाटखर्च?" म्हणाले.

"तो तुम्ही घाला. दिगंबरच्या नावावर मांडून ठेवा."

आणि त्यांनी घातला. यंदाचा श्रावण आणि पितृपक्ष मिळून मडक्यात आणखी बावीस रुपये पडले होते ते काढले. साठाचे ब्याऐंशी झाले, एका वाक्यात, आणि उठताना सासूबाईंनाच "उपकार झाले" म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत काय होतं सांगू का, काशी होती. दक्षिणेला निघाला होता माणूस, पण काशी दिसत होती त्याला. तिथं मला त्यांची दया आली. आणि खरं सांगायचं तर मला काय, मला जायला मिळत होतं. ज्यानं दोन महिन्यांच्या वाटेवरून आठवणीनं बोलावलं त्याच्याकडे, सोबतीला कुणी का असेना.

उद्या पहाटे मेळा निघतो. सासूबाई आत्ता तट्टूवाल्याला सांगायला गेल्यात, म्हणून एवढं बोलते आहे. तर आज सकाळी, मी दशम्या बांधत होते, आणि तिकडून परतलेल्या एका यात्रेकरूनं स्वारीचं दुसरं पत्र आणून दिलं. मला मोडी वाचता येत नाही. सासूबाईंनाही नाही. वाचणार कोण, तर भटजी. ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू लागले. येथील क्षेम. पीकपाणी. चिंचेचं सार रोज. आणि मग वाचतात, "विशेष. सौभाग्यवतीस पाठविण्यास विलंब न करावा. येताना मागील दाराने यावे. पुढील दारी एक गृहस्थ महिना झाला धरणे धरून बसले आहेत. माणूस भला. परंतु एकट्याने उपास आता होत नाही. घरात आपले म्हणावे असे कुणी पाहिजे."

भटजी थांबले. मी दाराच्या आत उभी. माझ्या हातात दशमी.

नऊ दिवसांत मी असं काय केलं होतं, ते कळलं. दोनदा ताक वाढलं आणि तक्रार केली नाही.

भटजींनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, मागची बाजू बघितली. मला वाटलं आता हे काय म्हणतात, पैसे परत मागतात, की जायचंच रद्द करतात... आणि ते अगदी काळजीच्या आवाजात मला विचारतात, "सूनबाई, ओटा केवढा आहे काही लिहिलं नाही ग यात. दोघं मावू ना?"

यावर मी काय बोलणार.

तेव्हा बायांनो, ओटी भरायला आला आहात तर खण-नारळ राहिला तरी चालेल, तांदूळ घालताना मात्र हात आखडता घेऊ नका. तिकडे मला दोघांच्या बरोबरीनं जेवायचंय.