दुपारचे पाय

आई : मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरताना भिंतीला हात लाव. आणि उजवा पाय जरा ओढ.

मुलगी : आत्ता दुखत नाहीये.

आई : मला माहितीये. त्यांना कुठे माहितीये?

मुलगी : म्हणजे नाटक करू?

आई : सकाळी पलंगावरून उतरताना रडतेस, ते नाटक असतं का? तेच इथं दाखवायचं. फक्त वेळ चुकलीये.

मुलगी : मग सकाळी का नाही आलीस?

आई : सकाळी मी शिलाईच्या मशीनवर दिसले नाही, तर मुकादम दुसरीला बसवतो. आणि या बाई पालकांना दुपारीच भेटतात. तुझ्या दुखण्याला सांग, सगळ्यांच्या सोयीनं येत जा म्हणून.

मुलगी : डाव्याला जास्त असतं.

आई : काय?

मुलगी : ओढायचाच तर डावा ओढायला हवा. एवढंही लक्षात राहत नाही तुझ्या.

आई : बरं माझे आई, डावा ओढ. चल, बोलावतायत.

मुख्याध्यापिका : या, बसा. अगंबाई, ही तर छान चालत आली की.

आई : हो. लंगडत ये म्हणून सांगितलं होतं. ऐकेल तर शपथ.

मुख्याध्यापिका : म्हणजे?

आई : म्हणजे खरं दुखणं तुम्हाला पटेना, म्हणून खोटं शिकवून आणलं होतं.

मुख्याध्यापिका : तसं नाही हो. डॉक्टरांची चिठ्ठी वाचलीय मी. पण हिचा नववीचा वर्ग खाली आणायचा, तर शिशुवर्गातली पोरं वर जाणार. त्यांचे पालक विचारतील, कुणासाठी? आणि परवा दुपारी मी स्वतः हिला दोरीवरच्या उड्या मारताना पाहिलं.

मुलगी : डॉक्टरांनीच सांगितलंय, हालचाल ठेव. सकाळी सांधे आखडलेले असतात, दुपारपर्यंत सुटतात.

मुख्याध्यापिका : पण या वयात संधिवात म्हणजे... माझ्या सासूबाईंना आहे, म्हणून विचारते.

आई : सासूबाईंना कोणी म्हणतं का, आधी लंगडून दाखवा, मग खुर्ची देतो?

मुलगी : आई, थांब. बाई, मी सकाळी सगळ्यांच्या आधी येते. जिना बसून चढते. पाठमोरी, एकेक पायरी.

आई : हे मला कधी बोलली नाहीस.

मुलगी : बोलून काय? तू येऊन उचलणार होतीस?

मुख्याध्यापिका : असं करू. उद्या सकाळी मी जिन्यापाशी थांबते. एकदा डोळ्यांनी पाहिलं, की कुणी विचारलं तर मला ठामपणे सांगता येईल. वर्ग खाली आणते मग.

मुलगी : चालेल. या तुम्ही.

(दोघी फाटकाबाहेर.)

मुलगी : झालं ना काम?

आई : पोरगी जिन्यावर कशी सरपटते ते बघायला बाई उभ्या राहणार. आणि मी तिथं तोंडातून शब्द काढला नाही.

मुलगी : बघू दे ना. एकदाच. पण उद्या नेमकं दुखलं नाही तर? कधीकधी नाही दुखत.

आई : नाही दुखत ते चांगलंच की.

मुलगी : उद्या नाही चांगलं. मी रात्रीची गोळी घेतलीच नाही, तर दुखेल.

आई : काय म्हणालीस?

मुलगी : एकच रात्र. मग वर्षभर खाली बसेन.

आई : गोळी घ्यायची. माझ्यासमोर.

मुलगी : मघाशी तूच म्हणत होतीस, लंगड.

आई : लंगड म्हटलं. दुखवून घे नाही म्हटलं.

मुलगी : मग नाही दुखलं तर करू काय? त्या तर उभ्याच असणार.

आई : त्यांच्यासमोरून धावत वर जा.

मुलगी : आणि वर्ग?

आई : वर्गासाठी मी पुन्हा भांडेन. सकाळी धावताना मी तुला कधीपासून पाहिलेलं नाही.