जस्तावरचं पांघरूण

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, पाळी संपवून हात धुऊन थेट इथे आलेले माझे सहकारी, आणि आजच्या निरोप समारंभाचे मानकरी आपले भट्टीकाका व काकू, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

काका घरी कामाचं काही सांगत नाहीत, अशी काकूंची तक्रार आहे. म्हणून आधी त्यांच्यासाठी दोन शब्द. लोखंडाला गंज चढू नये म्हणून आपण ते वितळलेल्या जस्तात बुडवून काढतो. ती जस्ताची टाकी साडेचारशे अंशांवर ठेवावी लागते. सुट्टीच्या दिवशीही भट्टी विझवता येत नाही, कारण जस्त गोठलं तर टाकी फुटायची भीती. म्हणजे सुट्टी आपल्याला, गॅसला नाही! तो गॅस वाचवण्यासाठी तीन वर्षांपूर्वी माझी नेमणूक झाली.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पहिल्या आठवड्यातला माझा रुबाब काय सांगावा? सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी बघते तर टाकीत वितळलेल्या जस्तावर त्याच्याच राखेचा करडा थर. दिवसभर जी राख काका सारखी बाजूला सारत होते, तीच घरी जाताना तशीच ठेवलेली.

"काका, ही घाण काढायची नाही का?"

"मॅडम, जस्ताला पांघरूण घातलंय. ओढू नका, गारठेल बिचारं."

सगळे हसले. मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. मी हट्टाने राख काढायला लावली. टाकी लख्ख झाली. मी तिचा फोटोही काढला.

सुट्टीनंतर मीटर पाहिलं, तर गॅस नेहमीपेक्षा जास्त जळलेला. मी आकडे तीनदा तपासले. काका शेजारीच उभे होते. दुसरा कोणी असता तर चारचौघांत माझं हसं केलं असतं. त्यांनी हळूच विचारलं, "घरी दुधाच्या पातेल्यावर झाकण कोण ठेवतं?"

"आई."

"मग इतकी वर्षं शिकलीस, आईला एकदा विचारायचंस की!"

त्या दिवसापासून मी 'मॅडम'ची 'अगं' झाले. मग तेच म्हणाले, "राखेनं एवढं होतं, तर जाड झाकणानं किती होईल?" गणित मी मांडलं. पण झाकण दोन तुकड्यांत करावं, आत उष्णता अडवणारी, न जळणारी लोकर भरावी, कड्या कुठे लावल्या म्हणजे क्रेनने ते तिरकं न होता उचललं जाईल, हे सगळं काकांनी खडूने जमिनीवर काढून दाखवलं. आज सुट्टीच्या दिवशीचा गॅस जवळजवळ निम्म्यावर आला आहे.

त्या कामाचं बक्षीस गेल्या वर्षी कोणाला मिळालं? मला. कारण अहवालावर एकच नाव होतं, आणि तो अहवाल मी लिहिला होता. आईने प्रमाणपत्र भिंतीवर लावलं, शेजारणींना बोलावून दाखवलं. मग खरं बोलायचं धाडस होईना. काकांपाशी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "राहू दे गं. मी आता उतरणीला लागलो, तुला चढायचंय." आणि मी, मला सोयीचं होतं म्हणून, राहू दिलं.

इतकी वर्षं टाकीसमोर उभं राहिलेला हा माणूस उद्यापासून कारखान्यात नसेल. म्हणून काल आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्यांचं नाव कधी घालतेस?"

साहेब, दुरुस्त केलेला अहवाल आज सकाळी आपल्या टेबलावर ठेवला आहे. त्यावर पहिलं नाव काकांचं आहे. कार्यक्रमपत्रिकेत नसलेला विषय काढला, त्याबद्दल क्षमा असावी.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. अहवालातली चूक मात्र, काका, या वेळी पोटात घालू नका.