विषय : आमच्या डॉक्टरबाई

आणि वर आळीतल्या बाया मलाच म्हणतात, "कुसाबाई, तुम्हीच घालवलंत त्यांना." मी? तुम्हाला सांगते, ज्या बाईसाठी मी भर उन्हात दारोदार हिंडून त्रेचाळीस सह्या गोळा केल्या, तिला मी घालवीन? आता अर्ज माझ्या हातचा, हे खरं. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण अर्ज असा लिहिते की वाचणारा खुर्चीत सरळ होतो. कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकले.

आमच्या एकलहऱ्याला शेजारचे जयरामभाऊजी सगळ्या आळीचे अर्ज लिहायचे. त्यांचाच अर्ज मी पाटीवर गिरवायची, 'विषय'पासून 'कळावे'पर्यंत. भाऊजी गेले, लेखणी माझ्याकडे आली. नळाला पाणी नाही, लिही अर्ज. खांबावर दिवा नाही, लिही. डुकरं ओट्यावर येतात, लिही. अठ्ठावीस वर्षांत एकशे बारा अर्ज! कारवाई किती अर्जांवर झाली? ते विचारू नका... डुकरं अजून येतात.

तर डॉक्टर हर्षालीबाई. हाडांच्या. नाशिक शहरातल्या एका काचेच्या हॉस्पिटलात नऊ वर्षं बसायच्या. मी गुडघा घेऊन गेले तेव्हा म्हटलं, आता ही बाई मशीनखाली घालणार, चिरणार, आत लोखंड ठेवणार. तर बाईंनी नुसता गुडघा हाताने चाचपला आणि म्हणाल्या, "आजी, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, दाबायची, दहापर्यंत मोजायचं. सकाळी वीसदा. आणि मांडी घालून भजनाला बसायचं नाही, खुर्ची घ्या." झालं! दोन महिन्यांत मी जिना चढायला लागले. आमचं भजनी मंडळ आता निम्मं खुर्चीवर असतं, आणि आळीत सकाळी कुठल्याही घरात डोकावा, बाई टॉवेल दाबत आकडे मोजतेय.

पण वर शेखरसाहेब बसलेले ना, मॅनेजर. गळ्यात टाय, तोंडात पेपरमिंट. ते बाईंना म्हणायचे, "मॅडम, खाली तुमच्या ओपीडीत जत्रा, आणि वर ऑपरेशन थिएटरला माशा? हे कसं चालणार?" बाई म्हणायच्या, "ज्याला गरज आहे त्याचं करतेच की. धडधाकट माणसाचा गुडघा कापू का?" साहेब पेपरमिंट चावायचे. बाईंना काढावं तर करारात कलम, पेशंटची लेखी तक्रार आल्याशिवाय हात लावता येत नाही. आणि बाईंची तक्रार कोण करणार? पण हे कलम तेव्हा मला कुठं ठाऊक? तिथल्या सविता सिस्टरने मला मागाहून सांगितलं. तेव्हा ती एवढंच कुजबुजली होती, "आजी, बाईंचं काही खरं नाही, वरून फार त्रास चाललाय."

मग मी गप्प बसेन? घरी आले, चष्मा पुसला, ताव काढला. कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकले. आणि अर्ज म्हटल्यावर मला एकच अर्ज येतो, जयरामभाऊजींचा. वर लिहिलं, विषय : तक्रार अर्ज. अहो, अर्ज तसाच सुरू होतो! खाली बाईंचे गुण, एकूण एक. सदर डॉक्टरबाई साधा हाडाचा फोटोही काढायला लावत नाहीत. आम्हा त्रेचाळीस जणींपैकी एकीचंही ऑपरेशन केलेलं नाही. औषध मागितलं तर टॉवेल सांगतात. आमच्यातल्या चिमणाबाईला तर खुद्द सरकारी दवाखान्यात पाठवलं. आणि शेवटी, भाऊजींचीच ओळ : तरी सदर बाबीची गंभीर दखल घेऊन तातडीने योग्य ती कारवाई करावी, ही नम्र विनंती.

स्वतः नेऊन दिला. शेखरसाहेबांनी वाचला... पुन्हा वाचला... आणि काय सांगू, माणूस उठून उभा राहिला. मला खुर्ची दिली, चहा मागवला, बिस्किटं क्रीमची. "आजी, असा जागरूक पेशंट पाहिजे." मी अर्जाच्या नकलेवर पोच मागितली, त्यांनी दोन शिक्के मारले. अठ्ठावीस वर्षांत मला कुणी एक शिक्का धड मारला नव्हता.

आणि तिसऱ्या दिवशी कारवाई झाली! एकशे तेराव्या अर्जावर, पहिल्यांदा. बाईंची पाटी उतरली. शिवाय करारातच होतं, दोन वर्षं नाशकात दवाखाना टाकायचा नाही. नऊ वर्षं जमवलेली माणसं, एका तावात गेली.

बाई गेल्या माहेरी, नामपूरला. कांदा मार्केटसमोर भावाच्या गाळ्यात बसतात. मी एसटीने गेले, पाय धरायला. जाताना अर्ध्या वाटेतच गुडघा बोलायला लागला. तिथं एक म्हातारा अहिराणीत सांगत होता, "बाई, मनी कंबर दुखस," आणि बाई त्याला टॉवेलच सांगत होत्या. मी पोच पुढं केली. बाईंनी अर्ज सगळा वाचला. मग खांदे हलायला लागले... मला वाटलं रडतायत. हसत होत्या हो, डोळ्यांतून पाणी काढून हसत होत्या. हसता हसता एकदम थांबल्या आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या, "आजी, माझी खोली आता कुणाला दिली?" मला ठाऊक होतं, वरचं थिएटर भरणाऱ्या नव्या डॉक्टरला. सांगवलं नाही.

मग त्यांनी कागद ओढला. इतक्या वर्षांत मला कधी चिठ्ठी लिहून दिली नव्हती, ती पहिल्यांदा दिली. गोळी नाही, टॉवेल नाही. एकच पथ्य : 'लिहिणं दोन वर्षं पूर्ण बंद.' वाचता येत नाही म्हणावं, तर तीही सोय नाही. कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकले.

पाळतेय. डुकरं ओट्यावर येतात, हात शिवशिवतो, पाळतेय. बोलण्याचं मात्र चिठ्ठीत काही नाही, म्हणून तर तुम्हाला मघापासून बसवून ठेवलंय.