ठकू आज बघणार

२००२ साल. शारजात, रोल्ला भागातल्या एका सलूनमध्ये माझ्या शेजारी दोन कोकणी कामगार नंबर लावून बसले होते.

"धनंजय, केस काळे करून घेतो. आज ठकू मला सायबर कॅफेतल्या कॅमेऱ्यावर बघणार."

"चार वर्षांनी, भिवाभाऊ!"

"इतके दिवस आम्ही कॅसेट भरून पाठवायचो. तिच्या बोलण्यामागे आमच्या कोंबड्या ऐकू यायच्या. जेवताना रोज लावायचो."

"आता समोरासमोर बोला की!"

"कॅसेटचं बरं होतं रे. आवाज काय पिकत नाही."

"वहिनींचे केस पिकले असतील ना?"

"पिकलेत. पुतण्या म्हणाला, काकी रंग लावू देत नाही. म्हणते, जशी आहे तशी बघू दे त्यांना."

तेवढ्यात न्हाव्याने हाक मारली, "आओ चाचा. काला करूँ?"

"नहीं हबीबी. खाली कंगवा फिराव."